ताड नव्हे, धामण नव्हे : अंदमानच्या एका धनुष्याचं लाकूड

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका घराने हे धनुष्य माझ्याकडे तपासायला दिलं. घरातले पणजोबा इंग्रजी अमदानीत पोर्ट ब्लेअरला सरकारी नोकरीत होते. परतताना त्यांनी ते सोबत आणलं आणि पुढे ते जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर पडून राहिलं. आता घरच्यांना ते संग्रहालयाकडे सोपवायचं होतं. तिथल्या अर्जात ‘साहित्य’ असा रकाना असतो. त्यात नुसतं ‘लाकूड’ लिहिलं तरी चालतं, पण घरच्यांना झाडाचं नाव हवं होतं. वस्तू हातावेगळी करताना एवढी आस्था फार थोडे लोक दाखवतात, म्हणून मी हे काम मनापासून घेतलं.

उत्तरं तीन आधीच तयार होती, आणि तिन्ही वेगळी. घरात पिढ्यान्‌पिढ्या ‘ताडाचं धनुष्य’ म्हणत. हे अगदीच हवेतलं नव्हतं: न्यू गिनी आणि फिलिपिन्समध्ये ताडाच्या कुळातल्या झाडांची धनुष्यं खरोखर होतात, आणि अंदमानच्या रानात त्या कुळातली झाडं भरपूर. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने नुसता हात फिरवून ‘धामण’ सांगितलं होतं. त्यालाही आधार आहे. चिवट आणि लवचीक लाकूड म्हटलं की आपल्याकडे धामणच आठवते. कुऱ्हाडीचा दांडा असो, कावडीची काठी असो की तीरकामठा. तिसरं उत्तर मुठीला सुतळीने बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर होतं. फिकट झालेल्या शाईत, वळणदार इंग्रजी अक्षरात एकच शब्द: लान्सवूड.

सगळा घोळ या चिठ्ठीने केला होता. लान्सवूड हे क्यूबा-जमैकाकडचं लाकूड. व्हिक्टोरियन इंग्लंडात बग्गीचे दांडे, मासे धरायच्या काठ्या, बिलियर्डचे क्यू आणि हौशी तिरंदाजांची धनुष्यं यांसाठी त्याला मोठी मागणी होती. चिठ्ठी वाचून एका जाणकाराने घरच्यांना सांगितलं होतं की हे अंदमानचं नाहीच. कुण्या साहेबाचं खेळाचं धनुष्य असेल, पणजोबांना भेट मिळालं असेल. त्यामुळे वस्तूचा सगळा इतिहासच संशयात आला होता. लाकडाचा प्रश्न सुटला असता तर तोही सुटला असता.

लाकडाला हात लावण्याआधी मी आकार पाहिला. इंग्रजी खेळाचं धनुष्य सडपातळ असतं. त्याचा आडवा काप साधारण इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा, दोन्ही बाहू सारखे, टोकांना बहुधा शिंगाच्या टोप्या. माझ्या पुढ्यातलं धनुष्य तसं नव्हतं. मूठ निमुळती, तिच्या वर-खाली रुंद आणि चपटे बाहू, पुढे पुन्हा निमुळती टोकं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा बाक: बाजूने धरलं तर ‘एस’सारखा, एक बाहू एका दिशेला आणि दुसरा उलट दिशेला वळलेला. हा आकार ग्रेट अंदमानी टोळ्यांचा आहे. अंदमानातल्याच जारवा आणि ओंगी या दुसऱ्या टोळ्यांची धनुष्यं साधी, जवळजवळ सरळ. त्यांत हा दुहेरी बाक नसतो. पोर्ट ब्लेअरची वसाहत १८५८ साली सुरू झाली आणि इंग्रजांचा पहिला रोजचा संबंध आला तो याच ग्रेट अंदमानी लोकांशी. ई. एच. मॅन या अधिकाऱ्याने १८८३ साली त्यांच्या हत्यारांचं जे बारीक वर्णन छापलं, तेही त्यांचंच. आज ग्रेट अंदमानी समाज पन्नासेक माणसांवर आला आहे. असं धनुष्य बनवणारे हात आता राहिले नाहीत, हे लिहितानाही मन जड होतं.

पृष्ठभागानेही साक्ष दिली. तिरपा प्रकाश टाकला तर बाहूंवर आधी वाकसाने तासल्याचे लांबट सपाट पट्टे दिसतात आणि त्यांच्यावरून गेलेले उथळ, किंचित खोलगट ओरखडे. अंदमानी लोक लोखंडी पात्याचा वाकस वापरत आणि शेवटची सफाई रानडुकराच्या सुळ्याने करत. पॉलिश कागदाने किंवा रंध्याने असे ओरखडे उठत नाहीत. म्हणजे धनुष्य कुणी बनवलं हे जवळपास पक्कं झालं. पण आकारावरून माणूस कळतो, झाड कळत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. घरात सापडलेली असली जुनी वस्तू उघड्या हाताने घासू-पुसू नका. त्या काळी संग्रहातल्या वस्तूंना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक किंवा पाऱ्याचे क्षार चोपडण्याची पद्धत होती. मी हातमोजे आणि मास्क लावूनच काम केलं, आणि मुलांना वस्तूजवळ येऊ देऊ नका असं घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

नमुना घ्यायचा म्हणजे वस्तूला इजा करायची, म्हणून घरच्यांची लेखी परवानगी घेतली. नशिबाने वरच्या टोकाच्या खाचेजवळ एक जुनी भेग होती आणि तिच्या आत काडीएवढी ढलपी आधीच सुटलेली होती. तेवढीच घेतली. शिवाय भेगेतलं लाकूड रंग, मेण आणि धूर यांपासून वाचलेलं असतं, हा वेगळा फायदा. बाहेरून हे धनुष्य काळपट तपकिरी दिसतं. आतला रंग फिकट मधासारखा निघाला. रंगावरून लाकूड ओळखणाऱ्यांनी हा फरक एकदा डोळ्यांनी बघावा.

ढलपीचं आडवं टोक रेझरच्या नव्या पात्याने, एकाच ओढीत, तासलं. पातं जुनं असेल तर पेशी चेंगरतात आणि भिंगाखाली नुसता चिखल दिसतो. मग दहापट भिंग.

ताड तिथल्या तिथे बाद झाला. ताडाच्या खोडात मज्जाकिरण नसतात. भरीव उतीत विखुरलेले गडद ठिपके असतात, तेवढंच. इथे किरण स्पष्ट होते: सालीकडून गाभ्याकडे जाणाऱ्या उजळ, चांगल्या रुंद रेषा. आणि त्या रेषांना काटकोनात छेदणाऱ्या, अगदी जवळजवळ, केसापेक्षा बारीक अशा असंख्य फिकट रेषा. दोन किरणांच्या मधल्या जागेत पाहिलं की शिडी दिसते: दोन उभे खांब आणि मध्ये पायऱ्याच पायऱ्या. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची भोकं लहान, सगळीकडे सारखी विखुरलेली, काही एकटी, काही दोन-तीनच्या ओळीत. वर्षवलयाची ठळक सीमा नाही.

ही शिडी पाहिली आणि माझ्या मनात एक कूळ लगेच आलं. तरीही तिथे थांबणं चुकीचं ठरलं असतं, कारण बारीक आडव्या रेषा अंदमानच्या आणखी काही जड लाकडांतही असतात, आणि नेमकी तीच लाकडं धनुष्याला लायक वाटण्यासारखी आहेत.

पहिलं ‘बुलेटवूड’, म्हणजे मॅनिलकारा लिटोरॅलिस. आपल्या खिरणीचं आणि चिकूचं जवळचं नातेवाईक. त्याच्या छेदातही बारीक रेषा असतात. पण किरण अतिशय अरुंद, वाहिन्या किरणांच्या दिशेने गेलेल्या लांब साखळ्यांत, रंग तांबडट, आणि वजन इतकं की लाकूड पाण्यात बुडतं. दुसरं ‘मार्बलवूड’, टेंभुर्णीच्या वंशातलं. त्याच्यातही जाळीदार रेषा असतात. पण किरण एक-दोन पेशींचे, भिंगाखाली मुश्किलीने दिसणारे, आणि गाभ्यात काळे पट्टे. म्हणजे प्रश्न ‘आडव्या रेषा आहेत का’ हा नाही. आडव्या रेषांसोबत किरण रुंद आहेत का, हा खरा प्रश्न आहे. रेषा आणि रुंद किरण दोन्ही असतील तरच शिडी बनते. किरण अरुंद असतील तर नुसती जाळी दिसते. माझ्या ढलपीत किरण उघड्या डोळ्यांनीही जाणवत होते.

वजनाचा ठोकताळाही घेतला. अशी वस्तू पाण्यात बुडवून आकारमान काढता येत नाही, म्हणून ठरावीक अंतरावर रुंदी-जाडी मोजून हिशेब मांडला. घनता घनमीटरला आठशे ते नऊशे किलोंच्या दरम्यान आली. बुलेटवूड हजाराच्या वर जातं, ते यात बसत नाही. धामण साधारण साडेसातशे ते आठशे. मोजणीतली ढिलाई धरता तेवढ्यावर तिला बाद करता येत नव्हतं. धामणीच्या छेदातही बारीक तुटक रेषा दिसू शकतात. म्हणून सूक्ष्मदर्शक.

ढलपीचा तुकडा पाण्यात उकळला, ग्लिसरीनमध्ये मुरवला, आणि तीन काप काढले: आडवा, किरणांच्या दिशेचा उभा, आणि किरणांना काटकोनातला उभा. सॅफ्रॅनिन या तांबड्या रंगाने रंगवून स्लाईडवर चढवले. धामणीच्या वंशाची एक खूण अशी आहे की किरणांमध्ये नेहमीच्या पेशींच्या सोबत अरुंद, उभट, रिकाम्या पेशी खपल्यांसारख्या रचलेल्या असतात. लाकूडशास्त्रात त्यांना ‘टाइल सेल’ म्हणतात. फार थोड्या झाडांत त्या सापडतात. माझ्या कापांत एकही टाइल सेल नव्हती. धामण गेली.

खारफुटीचीही शंका फेडून घेतली, कारण अंदमानची खारफुटी जड आणि ताठ म्हणून प्रसिद्ध आहे. वाहिनी म्हणजे एकावर एक रचलेल्या पेशींची नळी. दोन पेशी जिथे जुळतात तिथे एक भोक असतं. कांदळाच्या कुळात त्या भोकाला आडव्या जाड पट्ट्या असतात. इथे भोक मोकळं, पट्टीविना. वाहिन्यांच्या भिंतींवरचे खळगे बारीक आणि एकाआड एक रचलेले. हे सगळं आंतरराष्ट्रीय लाकूडशास्त्र संघटनेच्या १९८९ च्या लक्षणयादीशी पडताळलं आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या ‘इनसाइड वूड’ या खुल्या संग्रहात शोधलं. उत्तर एकाच कुळाकडे बोट दाखवत होतं: अ‍ॅनोनेसी. म्हणजे आपलं सीताफळाचं कूळ.

ही शिडी कुणालाही घरी बघता येईल. सोसायट्यांच्या कुंपणाला जो उंच, सरळसोट खोटा अशोक लावतात, तो याच कुळातला. पालिकेने छाटलेली त्याची मनगटाएवढी फांदी उचला, टोक नव्या पात्याने स्वच्छ तासा आणि भिंग धरा. लाकूड हलकं आणि कामचलाऊ, पण नक्षी तीच.

आता पेच आला. चिठ्ठीवरचं लान्सवूड, म्हणजे ऑक्झांड्रा लॅन्सिओलाटा, हेसुद्धा सीताफळाच्याच कुळातलं! आकारावरून ज्याला मी दाराबाहेर काढलं होतं, ते सूक्ष्मदर्शकातून पुन्हा आत आलं. या कुळातल्या झाडांची लाकडं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की नुसत्या पेशींवरून जातीपर्यंत पोहोचणं धोक्याचं. कूळ पक्कं सांगता येतं. त्याच्यापुढे बाकीचा पुरावा हाताशी घ्यावा लागतो, आणि तो घेतला आहे हे उघड लिहावं लागतं.

अंदमानात या कुळातलं एक झाड धनुष्यासाठीच नावाजलेलं आहे: सॅजेरिया इलिप्टिका. इमारती लाकडांच्या भारतीय तक्त्यांत ते ‘चूई’ म्हणून येतं, आणि इंग्रजीत त्याचं नावच ‘अंदमान बो-वूड’, म्हणजे धनुष्याचं लाकूड. जारवांची धनुष्यं आजही या लाकडाची होतात. तक्त्यांत त्याची घनता घनमीटरला ८७० किलोंच्या आसपास दिलेली आहे. माझा ठोकताळा तिथेच बसत होता. त्याच कुळातली पॉलिअल्थियासारखी बाकीची बहुतेक झाडं यापेक्षा बरीच हलकी, त्यामुळे ती मागे पडतात. नाव-गाव पक्कं असलेल्या चूईच्या एका जुन्या नमुन्याची स्लाईड मला पाहायला मिळाली. किरणांची रुंदी, रेषांमधलं अंतर, वाहिन्यांचा व्यास आणि खळग्यांची रचना या चारही बाबतींत दोन्ही कापांत फरक करण्याजोगं काही सापडलं नाही.

या वंशाचं आपल्याशी जवळचं नातं आहे. सॅजेरिया हा वंश शास्त्रात आला तो अंदमानच्या झाडावरून नाही, आपल्या सह्याद्रीतल्या झाडावरून. जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ च्या मुंबईकडच्या वनस्पतींच्या यादीत ते झाड दुसऱ्याच वंशात घातलेलं होतं. एन. ए. डाल्झेल यांनी १८५१ साली त्याच्यासाठी सॅजेरिया हा नवा वंश उभा केला. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लाटर यांनी त्याचं नाव आजच्या रूपात मांडलं: सॅजेरिया लॉरिफोलिया. दक्षिण कोकणातल्या रानात त्याला सजेरी म्हणतात, हरकिंजळही म्हणतात. अंदमानची जात याच वंशात घातली ती हूकर आणि थॉमसन यांनी, १८५५ साली. सिंधुदुर्गातल्या एका बागायतदाराच्या खासगी रानात वादळाने पडलेल्या सजेरीची फांदी मला मिळाली. तिचाही काप काढून शेजारी ठेवला. तीच शिडी, तेच मोकळं भोक. जात वेगळी असल्याने हा पुरावा निर्णायक नाही, पण वंशाच्या बाजूने तो वजन टाकतो.

लान्सवूडचं काय? माझं मत असं. क्यूबा-जमैकाचं लाकूड लंडनच्या बाजारात येत होतं. ते पोर्ट ब्लेअरपर्यंत यावं, ग्रेट अंदमानी कारागिराच्या हाती पडावं आणि त्याने ते डुकराच्या सुळ्याने साफ करून ‘एस’ बाकाचं धनुष्य घडवावं, याला काही कारण दिसत नाही. रानात चूई उभी असताना तर नाहीच. चिठ्ठी लिहिणारा बहुधा इंग्रजी तिरंदाजी जाणणारा होता. त्याने ते लाकूड हातात घेतलं, वाकवून पाहिलं, आणि आपल्याकडच्या ज्या लाकडाची आठवण झाली त्याचं नाव लिहिलं. जात चुकली, पण हाताने त्याला कूळ बरोबर सांगितलं होतं. म्हणून ती चिठ्ठी काढून टाकू नका, धनुष्यासोबतच ठेवा, असं मी घरच्यांना निक्षून सांगितलं.

दोन लांबच्या मुलखांत, एकमेकांची गंधवार्ता नसताना, लोकांनी धनुष्यासाठी एकाच कुळातलं लाकूड निवडलं. याचं कारण त्या छेदातच थोडंफार दिसतं. धनुष्य वाकतं तेव्हा तिरंदाजापासून लांबची, लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि त्याच्याकडची बाजू दाबली जाते. ताणलेल्या बाजूला कुठे पोकळ थर असेल तर तिथून ढलपी उडते. काही थंड मुलखातल्या झाडांत दर वर्षी मोठ्या भोकांचा एक सच्छिद्र थर पडतो. चूईत असा थर नाही. भोकं लहान आणि विखुरलेली, मधले तंतू जाड भिंतींचे, आणि त्या आडव्या रेषा एकेका पेशीच्याच, म्हणजे कमकुवत जागा कुठे साठत नाही. पदरी फक्त वाकस आणि डुकराचा सुळा असलेल्या माणसांनी एवढ्या मोठ्या रानातून हे झाड हेरलं. त्यामागचं निरीक्षण किती पिढ्यांचं असेल याचा विचार मी काम करताना सतत करत होतो. दोरीसाठीही त्यांची निवड ठरलेली होती: अ‍ॅनोडेंड्रॉन पॅनिक्युलेटम या वेलीचा वाख. कासवं धरायच्या दोरांसाठी मात्र वेगळं झाड, मेलोकिया. या धनुष्याची दोरी केव्हाच गेली आहे. खाचेत अडकलेले दोन-चार तंतू तेवढे शिल्लक होते. ते मी न हलवता तसेच ठेवले.

अहवालात मी तीन ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ओळ कशाच्या आधारावर आहे तेही लिहिलं. कूळ: अ‍ॅनोनेसी, सूक्ष्मदर्शकीय तपासणीवरून निश्चित. वंश: सॅजेरिया, संदर्भ नमुन्याशी तुलना आणि घनता यांवरून बहुधा. जात: सॅजेरिया इलिप्टिका, आकार, घडणीच्या खुणा आणि प्रदेश यांवरून संभाव्य. घरच्यांना पहिल्यांदा हे थोडं नाराज करणारं वाटलं. त्यांना एकच ठाम नाव हवं होतं. मी त्यांना स्लाईड दाखवली. ‘निश्चित’, ‘बहुधा’ आणि ‘संभाव्य’ हे तीन शब्द वेगळे ठेवले नाहीत, तर पन्नास वर्षांनी हे धनुष्य हातात घेणाऱ्याला आपल्या अहवालातलं काय तपासायचं आणि काय धरून चालायचं हे कळणार नाही, हेही समजावलं. त्यांना ते पटलं. अर्जाच्या रकान्यात त्यांनी तीनही ओळी लिहिल्या आणि स्लाईड, उरलेली ढलपी आणि ती चिठ्ठी असं सगळं एका पाकिटात घालून धनुष्यासोबत दिलं.

दरम्यान एका संग्राहकाने विकत मागणी घातली होती, ती त्यांनी नाकारली. ‘अंदमान’ शब्द ऐकला की असे लोक लगेच येतात, म्हणून हेही सांगून ठेवतो: बेटांवर आज राहणाऱ्या जारवा, ओंगी, सेंटिनेली लोकांना १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाचं कवच आहे. त्यांच्या राखीव भागात जाऊन वस्तू मिळवणं हा गुन्हा आहे. जुन्या वस्तूंचा बाजार तापला की त्याची झळ शेवटी त्यांनाच लागते.

निघताना घरातल्या धाकट्याने विचारलं, नवी दोरी लावून एकदा ओढून बघू का? नको. शंभरेक वर्षं उन्हाळा-पावसाळा सोसताना माळ्यावरचं लाकूड फुगत आणि आकसत राहतं. त्यात बारीक भेगा पडतात, त्यांतली एक तर आपण नमुन्यासाठी वापरलीच. एकेकाळी डुकराची शिकार करणारं लाकूड आता पहिल्याच ओढीला खाचेपासून फाटेल. आडवं, सरळ, मूठ आणि दोन्ही बाहूंखाली स्वच्छ सुती गाद्या देऊन ठेवा, भिंतीला टेकवून उभं करू नका, आणि तेलाचा हात तर अजिबात फिरवू नका.